साखर, सेन्सर आणि डेड टाइम

हेल्थ ॲप म्हटलं की आपल्याला आठवतं ते पावलं मोजणारं, हौसेने घेतलेलं आणि चार दिवसांत डिलीट केलेलं ॲप. पण ज्यांचा आजार जन्माचा सोबती आहे, त्यांचं प्रकरण वेगळं असतं. माझ्या रूममेटला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप-१ डायबिटीस आहे. तिच्या परवानगीनेच लिहितेय, फक्त नाव नको असं आमचं ठरलंय.

टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तो गोड खाऊन होत नाही, तेव्हा "लहानपणी खूप चॉकलेट खायचीस का गं?" हे तिला कृपया विचारू नका (मेसमध्ये आतापर्यंत तिघींनी विचारलंय!). इन्शुलिन बाहेरून घ्यावं लागतं आणि किती, हे दर जेवणाला स्वतःच ठरवायचं असतं. इथे मोबाइल कामाला येतो.

तिच्या दंडावर दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा सेन्सर असतो. तो १४ दिवस चालतो. त्याची बारीकशी तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, थेट रक्तातली नाही. त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांनी ओळखलं असेलच, हा झाला डेड टाइम! त्यात जेवणाचं इन्शुलिन पंधरा-वीस मिनिटांनी काम सुरू करतं आणि तीन ते पाच तास रेंगाळतं. साखर उतरत नाही म्हणून घाईने दुसरा डोस घेतला, की दोन्ही एकदम लागू पडतात आणि साखर धाडकन कोसळते. आधीचं किती इन्शुलिन अजून अंगात आहे, हा हिशेब ॲप ठेवतं. माझ्या मते त्या रंगीत ग्राफपेक्षा हेच त्याचं खरं काम.

ती स्वतः आकड्यापेक्षा बाणाकडे जास्त बघते. ११० आणि बाण आडवा, तर निवांत. ११० आणि बाण सरळ खाली, तर ग्लुकोजचा डबा जवळ घ्यायचा. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं तुटक होतं. अशा वेळी १५ ग्रॅम साखर पोटात, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं.

जेवणाच्या यादीत मात्र ॲप अगदीच परदेशी निघालं. त्याला बेगल माहीत, थालीपीठ नाही. शेवटी तिने स्वतःची यादी केली. मेसची एक पोळी म्हणजे साधारण १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट. श्रीखंडाच्या रविवारी अंदाज आणि देवाचं नाव.

आकडे घरीही दिसतात. रात्री सेन्सरवर दाब देऊन झोपलं की तो कधीकधी साखर खोटीच कमी दाखवतो. मग अडीच वाजता लातूरहून आईचा फोन! एकदा वैतागून तिने आठवडाभर शेअरिंगच बंद केलं होतं. आता आईला फक्त ७० च्या खालचा अलार्म जातो. काकूंना सुरुवातीला वाईट वाटलं, पण मला हेच बरोबर वाटतं. प्रत्येक गुलाबजामचा जाब विसाव्या वर्षी कोण देईल?

गंमत म्हणजे घरच्यांना दुरून आकडे दिसायची सोय कंपनीच्या आधी एका बापाने जमवली. २०१३ मध्ये जॉन कॉस्टिक या अमेरिकन इंजिनियरने आपल्या लहान मुलाच्या डेक्सकॉम सेन्सरचे आकडे स्वतः कोड लिहून इंटरनेटवर नेले, म्हणजे मुलगा शाळेत असताना ते फोनवर दिसावेत. त्यातूनच नाइटस्काउट हा ओपन सोर्स प्रोजेक्ट उभा राहिला.

सेन्सर मात्र स्वस्त नाही. एकाला काही हजार मोजावे लागतात आणि महिन्याला दोन लागतात. म्हणून ती परीक्षेच्या महिन्यातच लावते, एरवी बोटाला सुई टोचून आकडा ॲपमध्ये टाकते.

आणि नेमका परीक्षेतच मोबाइल बाहेर! सीबीएसईने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या आणि खाऊ नेऊ दिला. आपल्याकडे मागच्या युनिट टेस्टला तिचा फोन बॅगेत, बॅग कॉरिडॉरमध्ये आणि अलार्म तिथेच वाजत राहिला. आता तिने डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज दिलाय की फोन सुपरवायझरच्या टेबलावर राहावा. एंडसेम १२ तारखेला सुरू होतेय, अर्ज अजून ऑफिसमध्येच आहे.