फणीवाल्या कोळ्याचे घराणे

दिवाळीची साफसफाई चालली होती. आमच्या गिरगावच्या चाळीत जिन्याखाली शेजारच्या वहिनी झाडू घेऊन ओरडल्या, "गुरुजी, केवढा कोळी! विषारी असेल, मारू का?"

मी म्हणालो, "थांबा वहिनी. आधी तो कोणत्या घराण्यातला, ते पाहू."

मंडळी, कोळी हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. मोजून पाहा. कोळ्यांची कुळे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका कुळाच्या मागच्या पायांच्या टोकाला राठ केसांची बारीक फणी असते. ती पाहायला भिंग लागते. या फणीने कोळी चिकट धागा ओढून सावजावर फेकतो. याचे जाळे गोल नसते. अडगळीत विस्कटलेले कोळिष्टक दिसते ना, तसे असते.

एका भावकीत अनेक घरे, तशी या कुळात अनेक घराणी आहेत. एका घराण्याचे नाव लॅट्रोडेक्टस. फ्रान्सच्या वाल्केनेर या विद्वानाने ते 1805 साली ठेवले. बर्फाचा दक्षिण ध्रुव सोडला, तर हे घराणे सगळ्या खंडांत आहे. त्यातल्या मादीचे विष माणसाच्या नसांवर परिणाम करते. कुळातले बाकीचे बहुतेक कोळी माणसाला निरुपद्रवी आहेत. म्हणून घराणे ओळखायचे.

पण ओळखायचे कसे? नुसत्या रंगावर जावे तर फसगत होते. वयाप्रमाणे कोळ्याचा रंग पालटतो. म्हणून शास्त्रज्ञ नरमादीचे बारीक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमेरिकेच्या हर्बर्ट लेव्ही यांनी 1959 साली असे पाहून या घराण्याचे सहाच प्रकार धरले. पुढे इतरांनी अधिक बारकाईने तपासले. एक समजलेले कोळी वेगळे निघाले. आज तिसांहून जास्त प्रकार मानतात. कोळी तेच, आपली नजर सुधारली.

आपल्या देशातही हे घराणे आहे. त्यातला तपकिरी प्रकार भारतात सापडल्याची पहिली नोंद 2007 साली छापली गेली. या मादीच्या पोटाखाली डमरूसारखी नारिंगी खूण असते. तिची अंड्यांची पिशवी काटेरी असते, धोतऱ्याच्या बोंडासारखी. काळ्या प्रकारात खूण तांबडी असते.

अशी खूण दिसली तर हात लावू नका. अडगळीतले जोडे झटकून घाला. लाकडे, विटा उचलताना आधी पाहा. कोळी चावलाच, तर जागा साबणाने धुवा. कापू नका, चोखू नका. वेदना वाढली तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

वहिनींचा कोळी मी काचेच्या बाटलीत धरून उजेडात पाहिला. डमरू नव्हता. पिशवीही गुळगुळीत होती. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हा गरीब आहे होय!"

"होय," मी म्हणालो, "आणि माश्या, मुंग्या खातो. राहू द्या बिचाऱ्याला."