‘बिड़ला’ : अक्षरं तीन की सहा?
ग्वाल्हेरच्या ‘बिड़ला नगर’मधला ‘बिड़ला’ घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीनच : बि, ड़, ला. हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रिंग म्हणजे युनिकोड चिन्हांची यादी. तिथे वेलांटी, नुक्ता, काना सुटे धरून सहा. यादी ‘रिव्हर्स’ केली की काना सुरुवातीलाच लटकतो, ‘ड’चा नुक्ता ‘ल’खाली जातो, ‘ब’ची वेलांटी ‘ड’ला चिकटते! एलिक्झिर भाषेतलं ‘स्ट्रिंग.ग्राफीम्स’ हे फंक्शन मात्र तिन्ही अक्षरं शाबूत देतं.
‘ड़’साठी युनिकोडात एकसंध चिन्हही आहे. ते वापरलं तर सहाची पाच होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोध मात्र चुकतो. म्हणून आधी मजकूर नॉर्मलाइझ करावा, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यावीत.
मराठी ‘बिर्ला’चं दुखणं वेगळंच. ‘र्ला’ अखंड मोजण्याचा नियम युनिकोडात २०२३मध्ये आला. तोवर रफार वेगळा पडायचा.