पन्नाशी ओलांडलेल्या मोटारी

आजच्या एखाद्या नव्या मोटारीचे बॉनेट उघडले, तर बहुधा एक मोठे काळे प्लास्टिकचे झाकण दिसते. इंजिन त्याच्या खाली. काही बिघडले की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला, हे कळायला वर्कशॉपमधला स्कॅनर लागतो.

आता 1968 सालच्या ॲम्बॅसिडरचे बॉनेट उघडा. समोर रेडिएटर, मागे इंजिन, एका ओळीत चार प्लग, त्यांच्याकडे जाणाऱ्या चार वायरी, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, डायनमो. सगळे उघड्यावर. कडेने वाकून पाहिले तर खालची जमीनही दिसते! साठच्या दशकाच्या अखेरीच्या मोटारींची ओढ आजही का वाटते, याची कारणे अनेक आहेत. पण माझ्या मते सर्वांत मोठे कारण हा उघडेपणा आहे. ही यंत्रे काही लपवत नाहीत.

त्या काळी भारतीय रस्त्यांवर मुख्यतः तीनच मोटारी दिसत. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसिडर तयार होई. तिचा मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स इटलीच्या फियाट 1100 या मोटारीची भारतीय आवृत्ती बनवत असे. मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड तयार होई. हेराल्डचे बॉनेट तर दोन्ही मडगार्डांसह पुढच्या बाजूला उलटत असे आणि इंजिनच काय, पुढची चाकेही मोकळी होत. याच काळात सैन्यासाठी जबलपूरला निस्सान पेट्रोलवर आधारित ‘जोंगा’ आली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी आपल्यापैकी अनेक कॅडेटांच्या वडिलांनी आणि आजोबांनी सेवेत असताना पाहिली असेल.

तेव्हा मोटार मिळणे सोपे नव्हते. किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याचे बंधन होते, आयातीवर निर्बंध होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. 1964 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी 12,000 रुपयांना फियाट घेतली, तेव्हा त्यांनाही 5,000 रुपयांचे बँकेचे कर्ज काढावे लागले. 1966 मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले. उरलेले कर्ज नंतर ललिता शास्त्रींनी फेडले. ती मोटार आजही दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे. एवढ्या कष्टाने आलेली वस्तू कोणी चार-पाच वर्षांत बदलत नसे. ती दुरुस्त करत, जपत, पुढच्या पिढीकडे देत. म्हणून या गाड्यांचे आयुष्य लांबले. ॲम्बॅसिडरचे उत्पादन 2014 पर्यंत चालले, आणि फियाटची वंशज असलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर.

पण जपायचे तर दुरुस्ती जमली पाहिजे. ती जमत होती, कारण पेट्रोल इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलाचे मिश्रण, ते दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी ठिणगी.

मिश्रण करतो कार्ब्युरेटर. त्यात एक अरुंद गळा असतो. हवा तिथून जाताना वेग घेते, वेग वाढला की दाब कमी होतो आणि कमी दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेले बर्नोलीचे तत्त्व ते हेच. थंडीत सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

ठिणगीचे काम कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ करतात. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर हजारो व्होल्ट निर्माण होतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात! आणि हे सारे अवलंबून असते पॉइंटमधल्या सुमारे 0.4 मिलिमीटर फटीवर. ती फट फिलर गेज घालून हाताने लावता येते.

त्यामुळे गाडी बंद पडली की जाणकार चालक घाबरत नसे. तो स्वतःला पहिला प्रश्न विचारी : ठिणगी की पेट्रोल? ठिणगी येत असेल तर पेट्रोलच्या वाटेने जायचे : टाकी, पाइप, पंप, जेटमध्ये अडकलेला कचरा. ठिणगी नसेल तर बॅटरी, कॉइल, पॉइंट, प्लग. एकेक शक्यता तपासून बाजूला काढायची. उन्हाळ्यात घाट चढताना फियाटच्या इंजिनाला जोडलेला पेट्रोल पंप तापे, आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी थांबे. उपाय काय? पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबायचे. कारण कळले की उपाय साधा असतो.

म्हणून या गाड्या आजच्यापेक्षा चांगल्या होत्या असे मात्र नव्हे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सीटबेल्ट बहुधा नाहीच. धडकेचा जोर शोषून घेणारी रचना नाही. धूर शुद्ध करणारी यंत्रणा नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने चालत्या गाडीत तो टाकताना कसब लागे. रोजच्या प्रवासासाठी नवी मोटार नक्कीच अधिक सुरक्षित आहे. जुन्या गाडीकडे प्रेमाने पाहताना हे विसरू नये.

शासनानेही या गाड्यांना वेगळे स्थान दिले आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. साठच्या दशकातल्या सगळ्याच मोटारींनी आता वयाची ही अट पूर्ण केली आहे. पण ‘मूळ रूपात’ ही अट पूर्ण करणाऱ्या किती उरतील, हे त्या उघडून नीट लावणारे हात किती उरतात यावर ठरेल. पॉइंटची फट लावणारे जुने मेकॅनिक आता थकले आहेत, आणि त्यांची विद्या फारशी कुठे लिहून ठेवलेली नाही.

कॅडेट मित्रांनो, उद्या तुमच्या हाती येणारी यंत्रे याहून कितीतरी गुंतागुंतीची असतील. तरी ठिणगी की पेट्रोल, असा प्रश्न विचारण्याची सवय तिथेही उपयोगी पडेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा एखाद्या गॅरेजमध्ये जुन्या फियाटचे किंवा ॲम्बॅसिडरचे बॉनेट उघडे दिसले, तर थांबा. मेकॅनिक काकांची परवानगी घ्या आणि विचारा, “काका, काय बिघडलंय? कसं ओळखलंत?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लक्ष देऊन ऐका.