बास्केटबॉलमधील रोजंदार

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जो खेळाडू एका संघात स्थिरावत नाही, दर हंगामाला किंवा हंगामाच्या मध्यावरच गणवेश बदलतो, त्याला ‘जर्नीमन’ म्हणतात. या शब्दात प्रवासाचा भास होत असल्याने मराठीत त्याला ‘भटका खेळाडू’ म्हणण्याचा मोह होतो. व्युत्पत्ती मात्र निराळी आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘एक दिवस’, किंवा ‘एका दिवसाचे काम’ असा आहे. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या श्रेणींमध्ये तीन पायऱ्या असत: उमेदवार, जर्नीमन आणि स्वतःचे दुकान थाटलेला उस्ताद. मधल्या पायरीवरच्या माणसाची उमेदवारी संपलेली असे आणि हाताला कसब आलेले असे. दुकान मात्र दुसऱ्याचे आणि मजुरी दिवसावर. म्हणून ‘रोजंदार’ हा प्रतिशब्द अधिक नेमका वाटतो. त्यात अर्धवटपणाची सूचना नाही, फक्त मालकी नसल्याची आहे.

अमेरिकेतील एनबीए या संघटनेच्या नियमावलीत ही रोजंदारी अक्षरशः लिहिलेली आहे. ५ जानेवारीपासून संघांना दहा दिवसांचा करार करता येतो. दहा दिवस किंवा तीन सामने, यांपैकी जे अधिक काळ चालेल ती त्या कराराची मुदत. एकाच संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर उरलेल्या हंगामासाठी त्याला ठेवून घ्यावे लागते किंवा सोडावे लागते. ३० संघ आणि प्रत्येकी १५ नियमित जागा, म्हणजे ४५० जागांचे हे जग आहे. त्यात दरवर्षी निवडसोहळ्यातून साधारण ६० नवी नावे येतात. कोणाचा तरी गुडघा दुखावतो, संघाला दोन आठवड्यांसाठी चेंडू सांभाळणारा माणूस हवा असतो, आणि दूरध्वनी वाजतो.

या वर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इश स्मिथ. २०१० च्या निवडसोहळ्यात या सहा फुटी, चपळ खेळाडूला एकाही संघाने निवडले नाही. ह्यूस्टनने त्याला करारबद्ध केले आणि पहिल्याच हंगामात मेम्फिसला देऊन टाकले. पुढे गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फीनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, डेट्रॉइट, वॉशिंग्टन आणि शार्लट. फिलाडेल्फियाने त्याला एकदा सोडले आणि पुढच्याच हंगामात मोल देऊन परत आणले. त्या हंगामात ८२ पैकी ७२ सामने हरलेल्या संघाला खेळाची घडी बसवणारा कोणीतरी हवा होता. २०२२ मध्ये डेन्व्हर हा त्याचा तेरावा संघ ठरला. त्यापूर्वी १२ संघांचा विक्रम चौघांच्या नावे होता: चकी ब्राउन, टोनी मॅसेनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ. जून २०२३ मध्ये डेन्व्हरने विजेतेपद मिळवले, तेव्हा इश स्मिथ त्या संघात होता, जरी मैदानावर त्याला फारसा वेळ मिळाला नाही.

रोजंदार खालून वर चढत येतो तसा वरून खालीही येतो. वरील चौघांपैकी जो स्मिथ १९९५ चा पहिल्या क्रमांकाचा निवडलेला खेळाडू. पुढे दिग्गज ठरलेल्या केविन गार्नेटचे नाव त्या वर्षी पाचवे होते. मिनेसोटा संघाने जो स्मिथशी नियमबाह्य गुप्त करार केल्याचे २००० मध्ये उघड झाले. संघाला ३५ लाख डॉलर दंड झाला, पुढील वर्षांचे निवडीचे हक्क गेले आणि स्मिथचा करार रद्द झाला. तो डेट्रॉइटला गेला आणि वर्षभरात पुन्हा मिनेसोटालाच परतला.

खेळाडूंची अदलाबदल हा या पेशाचा सर्वांत अगतिक भाग. खेळाडूची संमती सहसा विचारली जात नाही. शिवाय वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघांना अदलाबदलीत दोन्ही बाजूंची वेतने जवळपास जुळवावी लागतात. मोठा खेळाडू मिळवायचा तर मधल्या वेतनाचा एखादा माणूस तराजूत टाकावा लागतो. मराठीत याला पासंग हा नेमका शब्द आहे. अदलाबदलीचे एक उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांचे दोन सामने झाले. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटोचे मालक. त्या हंगामाच्या आरंभी त्यांच्या संघात असलेला ट्रेव्हर अरीझा जानेवारीत अदलाबदलीत पोर्टलंडला रवाना झाला.

ज्यांना तेवढेही दार उघडत नाही, त्यांच्यासाठी २००१ मध्ये सुरू झालेली, आता जी लीग म्हणून ओळखली जाणारी दुय्यम स्पर्धा आहे. आंद्रे इन्ग्रामने तिच्यात दहा हंगाम काढले. जोडीला तो गणिताच्या शिकवण्या घेत असे. एप्रिल २०१८ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, हंगाम संपायला दोन सामने उरले असताना लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला बोलावले. पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण केले.

उरलेल्यांना परदेश गाठावा लागतो: स्पेन, इटली, तुर्कस्तान, इस्रायल, चीन. फिलिपिन्समध्ये तर परदेशी खेळाडूला ‘इंपोर्ट’ असेच म्हणतात, आणि काही स्पर्धांत त्याच्या उंचीवर कमाल मर्यादा असते. अनेक क्लब राहण्याची सोय करतात; पगार वेळेवर होईलच असे नाही. बुडालेल्या पगाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुढाकाराने स्वतंत्र लवाद उभा राहिला. त्याचे अधिकृत स्थान जिनिव्हा.

भारतीय वाचकाला या मार्गावर एक ओळखीचे नाव भेटते. पंजाबातील सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ च्या निवडसोहळ्यात ५२ वा आला. एनबीएच्या संघाने निवडलेला तो पहिला भारतीय. मात्र त्याला निवडणाऱ्या डॅलसच्या मुख्य संघाकडून नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो टेक्सासमधल्या दुय्यम संघाकडून खेळला, मग भारतातल्या व्यावसायिक स्पर्धेत आणि पुढे कॅनडात सेंट जॉन्सच्या संघाकडून. २०२१ मध्ये तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीकडे वळला.