मुंबई हाय : तळे नव्हे, दगड

समुद्राखाली तेलाचे तळे असावे, अशी कॉलेजात येईपर्यंत माझी समजूत होती. घरात कुणी शिकलेले नसल्याने ती खोडणारेही नव्हते. वस्तुतः मुंबईपासून सुमारे १६० कि.मी.वरील 'मुंबई हाय'चे तेल चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत आहे; विटेत पाणी मुरावे तसे. अरबस्तानच्या वाळवंटातले प्रचंड घवार क्षेत्रही चुनखडीतलेच. १९७४ साली 'सागर सम्राट' रिगने येथे तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. उपशाने दाब घटतो, म्हणून खडकात समुद्राचे पाणी सोडतात. तरीही सारे तेल निघत नाही आणि निघालेले पुन्हा भरत नाही. घाटकोपरच्या आमच्या खोलीत आई "गॅस बारीक कर" म्हणते, तेव्हा आता मला तो दगड आठवतो.