शाळेचं लाइव्ह: आधी माइक, मग कॅमेरा

कोल्हापूर हे कॅमेऱ्याचं गाव. बाबूराव पेंटर यांनी इथंच देशी बनावटीचा चित्रपट-कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला आजही कॅमेरा मानस्तंभ उभा आहे. त्याच गावातल्या शाळेला स्नेहसंमेलन लाइव्ह दाखवायचं असेल, तर खरेदी कुठून सुरू करावी?

माइकपासून.

चित्र थोडं धूसर असलं तरी आजी-आजोबा बघतात. नातवाचा आवाज घुमला की बंद करतात. कॅमेऱ्याचा अंगचा माइक टाळ्या आणि पंख्याची घरघरच जास्त टिपतो. म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्यावी, निवेदकाला कॉलर माइक लावावा.

मग भक्कम ट्रायपॉड. कॅमेऱ्याला ऑप्टिकल झूम हवा, आणि एचडीएमआयमधून अक्षरं-चिन्हांविना स्वच्छ चित्र बाहेर यायला हवं. दुकानातच लॅपटॉपला जोडून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर 1/50 ठेवलं की दिव्यांची लुकलुक सहसा थांबते. कॅप्चर कार्डातून चित्र लॅपटॉपवर येतं. मिक्सिंगसाठी 'ओबीएस स्टुडिओ' पूर्ण मोफत आहे, महागडा स्विचर पहिल्या वर्षी नकोच.

1080पी प्रक्षेपणाला साधारण 5 एमबीपीएस लागतात. अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट असावा. राउटरला यूपीएस हवाच.

यूट्यूबवर लाइव्ह पहिल्यांदा सुरू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. चॅनेल शाळेच्या नावानं आजच उघडा.