दोन लाख किलोमीटर फिरलेली एसयूव्ही घेतली? आधी हे करा, मग सीट कव्हर!

जुन्या गाडीवरचा पहिला खर्च कुठे करायचा, कुठला पुढे ढकलायचा आणि कुठला टाळायचा? समजून घ्या सोप्या भाषेत

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर एमएच-२० पाटीच्या जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा, डस्टर पावलोपावली दिसतात. कारण साधे आहे. नव्या छोट्या कारच्या पैशात जुनी, मोठी, सात माणसांची गाडी मिळते. ती गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर चालते आणि समृद्धी महामार्गावरही धावते. व्यवहार ठरतो, पेढे वाटले जातात, बोनेटवर हार चढतो. दुसऱ्या दिवशी गाडी जाते ती सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हीलच्या दुकानात.

नेमकी इथेच गल्लत होते. दीड-दोन लाख किलोमीटर फिरलेली गाडी वाईट असतेच असे नाही. वेळेवर ऑइल बदललेले डिझेल इंजिन त्यापुढेही निमूट चालते. पण आधीच्या मालकाने काय केले आणि काय टाळले, हे तुम्हाला माहीत नसते. म्हणून नियम एकच: ज्या कामाची पावती नाही, ते काम झालेलेच नाही असे धरा. आजचे रीडिंग हाच गाडीचा ‘शून्य’ समजा आणि तिथून नवा हिशेब सुरू करा.

पैसे किती बाजूला ठेवायचे?

गाडीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी राखून ठेवा. सहा लाखांची गाडी असेल तर साठ ते नव्वद हजार. एवढे पैसे उरत नसतील, तर थोडी स्वस्त गाडी घेणे शहाणपणाचे. कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि त्याच महिन्यात इंजिन उघडावे लागले, तर गाडी दारात उभी आणि हप्ता चालू, अशी वेळ येते.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी गाडी थांबवणारे आणि वळवणारे भाग, मग इंजिन जिवंत ठेवणारे भाग, शेवटी आराम आणि दिखावा.

मीटरवरचा आकडा खरा मानायचा का?

एकट्या मीटरवर विसंबू नका, कारण मीटर मागे घेता येते. गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद विचारा. कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते, हे तिथे कळू शकते. कंपनीने एखादा सदोष भाग मोफत बदलून देण्याची घोषणा केली असेल आणि तुमच्या गाडीत तो बदलायचा राहिला असेल, तर तेही समजते.

गाडी स्वतःही बोलते. मीटरवर सत्तर हजार आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेले, ड्रायव्हर सीट बसलेली, असे दिसले तर संशय घ्या. चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. दिवा लागतच नसेल, तर दोष झाकण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून तपासणी करून घ्या.

सर्वात आधी: ब्रेक, टायर, स्टिअरिंग

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. अजिंठ्याहून फर्दापूरकडे घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर तापलेल्या ब्रेकमध्ये जुने ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जाते. म्हणून ब्रेक ऑइल लगेच बदला आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा. पॅड, डिस्क आणि मागचे लायनर उघडून बघायला सांगा. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा.

टायरची नक्षी बघून समाधान मानू नका. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर कमी घासलेला असला तरी त्याचे रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कारचा टायर कायद्यानेही बाद. स्टेपनीचीही तारीख बघा.

समृद्धीवर कारला सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सावंगी किंवा माळीवाड्याहून चढल्यावर तासभर त्याच वेगाने जाता येते. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत वाकते आणि टायर आतून तापतो. त्यात उन्हाळा, सात माणसे आणि वर कॅरिअरचे सामान. हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची ते साधारणपणे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. भरलेल्या गाडीचा आकडा अनेकदा वेगळा असतो.

स्टिअरिंगमध्ये खेळ, खड्ड्यात ‘टक टक’ आवाज, वेग वाढताच ‘घूं’ असा घुमणारा आवाज, यापैकी काही असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप आणि व्हील बेअरिंग तपासा. अलाइनमेंट हे भाग बदलल्यानंतर करा. आधी केलेले पैसे वाया जातात.

टायमिंग बेल्ट: सर्वात महाग दुर्लक्ष

इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ बेल्ट किंवा चेन राखते. डस्टरचे १.५ लिटर डिझेल, पहिल्या पिढीच्या इनोव्हाचे २.५ डिझेल, जुन्या फॉर्च्युनरचे ३ लिटर डिझेल आणि आपल्या शेंद्र्यात जोडणी झालेल्या स्कोडा येतीचे २ लिटर डिझेल ही बेल्टवर चालणारी इंजिने. महिंद्राच्या एमहॉक इंजिनाला चेन असते.

रबरी बेल्ट बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो. तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर होतो. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर लांबच्या प्रवासाआधी तो बदला. सोबत टेन्शनर आणि आयडलर बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी एकदाच लागते. बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते, ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चेनच्या गाडीत सकाळी सुरू करताना खडखड आवाज आला तर दुर्लक्ष नको.

ऑइल आणि फिल्टर

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर एकदम बदला. डिझेल इंजिनाचे ऑइल लवकर काळे पडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधाळ, चहासारखा थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्या. पहिला ऑइल बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर पुन्हा करा. जुना गाळ हळूहळू निघू द्या. एकदम जहाल फ्लश टाकला तर सुटलेला गाळ ऑइलची वाट अडवू शकतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असू शकतो. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घाला.

गिअर ऑइल बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हासारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत डिफरन्शिअलचे ऑइलही बदला आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. फोर-बाय-फोर असेल तर ट्रान्स्फर केसचेही ऑइल बदला. टर्बो इंजिन वेगात पळवून आणल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर सुरू राहू द्या.

रेडिएटरला बोअरचे पाणी नको

मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गाडी धुवायला बोअरचे आणि रेडिएटरमध्येही बोअरचेच पाणी जाते. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, जसा गिझरमध्ये धरतात. पिण्याच्या जारच्या पाण्यातही काही क्षार उरतातच. जुने पाणी काढून, सिस्टीम साफ करून, योग्य कूलंट भरा. मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरा.

होज पाइप दाबून बघा. फुगलेले, भेगाळलेले बदला. रेडिएटरचे झाकण नवे घ्या. गाडी तापते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. तो मूळ दोष झाकण्याचा प्रकार आहे. काढलेला असेल तर नवा बसवा आणि गाडी का तापत होती ते शोधा.

कन्नडच्या घाटात कोंडी आहे, एसी सुरू आहे आणि काटा वर चढतोय, अशा वेळी एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले उकळते पाणी दाबाने अंगावर उडते.

काय टाळायचे?

• समोरचा लोखंडी गार्ड. २०१७ मध्येच केंद्राने असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे. धडकेत एअरबॅग योग्य वेळी उघडण्यातही तो अडथळा आणू शकतो.
• मापापेक्षा मोठे टायर. बेअरिंग, स्टिअरिंग आणि मायलेज तिन्हींवर ताण येतो.
• वायरिंग कापून बसवलेले जादा दिवे आणि हॉर्न. जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किटचा धोका.

कागदांचीही सर्व्हिसिंग

गाडी चकाचक आणि विमा जुन्याच नावावर, हा धोका मोठा. मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आरसीवर आपले नाव आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद बघा. थकीत ई-चलन, जुना फास्टॅग आणि एचएसआरपी पाटीही तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे गाडीचे वयही मोजा.

पहिल्या ३० दिवसांचे वेळापत्रक

• पहिला आठवडा: स्कॅनिंग, ब्रेक, टायर, स्टिअरिंग, विम्याचा अर्ज.
• दुसरा आठवडा: इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट, पावती नसेल तर टायमिंग बेल्ट.
• तिसरा आठवडा: गिअर आणि डिफरन्शिअल ऑइल, सस्पेन्शन, अलाइनमेंट, बॅटरी.
• चौथा आठवडा: एसी, वायपर, दिवे. मग दौलताबाद-खुलताबादपर्यंत एक छोटी फेरी. परतल्यावर गाडीखाली ऑइल ठिबकते का, कूलंट कमी झाले का, ते बघा. ही फेरी सुखरूप झाली, तरच पुणे-मुंबईचा बेत करा.

आणि दहा-वीस रुपयांची एक वही डॅशबोर्डमध्ये ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च आला, एवढेच लिहा; पावत्या त्याच वहीत चिकटवा. आज तुम्हाला जी माहिती मिळाली नाही, ती उद्या तुमच्या मिस्त्रीला मिळेल आणि गाडी विकताना चांगला भाव मागायला तीच उपयोगी पडेल.